‘राइट’ या शब्दाचे अर्थ : उजवा, हक्क आणि सम्यक्

इंग्रजी भाषेतील काही शब्द इतके लहान आणि इतके परिचित असतात की, त्यांच्यासाठी शब्दकोश उघडावा असे कोणास वाटत नाही. ‘राइट’ हा अशांपैकी एक शब्द होय. वऱ्हाडातील खेड्यात शिकणाऱ्या मुलाला तो प्रथम भेटतो तो पाटीवरील किंवा वहीवरील खुणेच्या रूपाने. गुरुजींनी बरोबर उत्तरापुढे केलेल्या खुणेस मुले ‘राइट’ म्हणतात. इंग्रजीच्या तासाला तोच मुलगा ‘राइट हँड’ म्हणजे उजवा हात हे शिकतो. नागरिकशास्त्रात त्याला ‘फंडामेंटल राइट्स’ म्हणजे मूलभूत हक्क भेटतात. पुढे अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या महाविद्यालयात पाली अथवा बौद्ध विचार या विषयाचे इंग्रजी पुस्तक त्याच्या हाती येते, तेव्हा ‘राइट व्ह्यू’, ‘राइट स्पीच’, ‘राइट लाइव्हलीहुड’ अशी आठ नावे समोर उभी राहतात. येथे ‘राइट’ म्हणजे उजवा नव्हे हे त्याला कळते. परंतु बरोबर, योग्य, न्याय्य, हक्काचे की आणखी काही, याचा उलगडा त्याला सहसा कोणी करून देत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही या एका शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांचा विचार करणार आहोत. त्यामागचा हेतू केवळ भाषिक नाही. आपल्या चळवळीने १९२७ साली ज्याची मागणी केली त्यास इंग्रजीत ‘राइट’ म्हणतात आणि १९५६ साली आपण ज्या मार्गाचा स्वीकार केला त्याच्या आठही अंगांच्या आधी इंग्रजी अनुवादक ‘राइट’ हाच शब्द लावतात. मराठीत मात्र पहिल्यास हक्क व दुसऱ्यास सम्यक् म्हणतात, आणि हे दोन शब्द एकमेकांना ओळखतही नाहीत अशा रीतीने आपल्या बोलण्यात वावरतात. त्यांचा परस्परांशी काय संबंध आहे हे समजून घेणे प्रत्येक उपासक-उपासिकेस आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

शब्दाचे घराणे

‘राइट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘सरळ’ असा आहे. जुन्या इंग्रजीतील त्याचे रूप, लॅटिन भाषेतील ‘रेक्टस’ हा शब्द आणि संस्कृतातील ‘ऋजु’ हा शब्द ही एकाच प्राचीन धातूची अपत्ये आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. जे वाकडे नाही ते राइट. भूमितीत आपण ज्यास काटकोन म्हणतो त्यास इंग्रजीत ‘राइट अँगल’ म्हणतात, त्याचे कारण हेच. आडव्या रेषेवर ताठ, सरळ उभ्या राहणाऱ्या रेषेचा तो कोन होय.

संस्कृतातील ‘ऋजु’ पालीत ‘उजु’ होतो. हा शब्द आपल्या वाचकांना अपरिचित नाही. संघवंदनेत आपण संघाचे जे गुण म्हणतो त्यांत ‘उजुपटिपन्नो’ हे पद येते. सरळ मार्गाने चालणारा, असा त्याचा अर्थ. जुन्या मराठी ग्रंथांत ‘उजू’ हा शब्द सरळ या अर्थाने आढळतो, आणि आजचा ‘उजवा’ हा शब्दही कोशकार याच घराण्यातील मानतात. म्हणजे इंग्रज माणूस हाताला ‘राइट’ म्हणतो आणि वऱ्हाडातील माणूस ‘उजवा’ म्हणतो, तेव्हा हजारो मैलांच्या अंतराने दोघेही त्या हाताला ‘सरळ हात’च म्हणत असतात.

सरळ या मूळ अर्थापासून पुढचे सर्व अर्थ फुटले. सरळ ते अचूक. म्हणून बरोबर उत्तर ‘राइट’. सरळ ते न्याय्य. म्हणून न्याय्य वागणे ‘राइट’. न्यायाने जे ज्याचे त्यास मिळावयास हवे ते त्याचे ‘राइट’, म्हणजे हक्क. चुकलेले दुरुस्त करणे, कलंडलेले सरळ उभे करणे यासाठी ‘राइट’ हेच क्रियापद आहे. एकच शब्द नाम, विशेषण, क्रियाविशेषण आणि क्रियापद अशा चारही नात्यांनी वापरला जातो. ‘राइट नाऊ’ म्हणजे आत्ताच, ‘ऑल राइट’ म्हणजे ठीक आहे, ‘कॉपीराइट’ म्हणजे लेखकाचा आपल्या ग्रंथावरील हक्क, आणि ‘राइट ऑफ वे’ म्हणजे वहिवाटीचा हक्क. या शेवटच्या हक्कासाठी वऱ्हाडातील पांधण रस्त्यांवर किती भांडणे होतात, हे येथील शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे इष्ट ठरेल. देवनागरीत आपण ‘राइट’ असे एकच लिहितो, परंतु इंग्रजीत याच उच्चाराचे, निराळ्या वर्णरचनेचे इतर शब्द आहेत. एकाचा अर्थ लिहिणे असा होतो व दुसऱ्याचा अर्थ धार्मिक विधी असा होतो. विद्यार्थी परीक्षेत ‘धार्मिक विधी’ लिहावयाचे तेथे ‘धार्मिक हक्क’ लिहून मोकळे होतात. कोल्हापुरात १८९९ साली सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात तर हे दोन्ही शब्द एकत्रच आले होते. छत्रपती शाहू महाराजांचा तो वाद विधीविषयीचा होता आणि त्या विधीच्या हक्काविषयीचाही होता. आपल्या दृष्टीने मात्र या दोन ‘राइट्स’मधील अंतर फार मोठे आहे, हे सम्यक् दृष्टीचे विवेचन करताना पुढे दिसून येईल.

उजवा आणि डावा

हात दोन्ही सारखेच. परंतु बहुसंख्य माणसे उजव्या हाताने कामे करतात, म्हणून जगातील अनेक भाषांनी उजव्यास मान दिला आणि डाव्यास कमीपणा. मराठीही त्यास अपवाद नाही. एखादा दुसऱ्यापेक्षा सरस असला की तो ‘उजवा’ ठरतो. ‘उजवणे’ या क्रियापदाचा अर्थ सफल होणे, चांगले होणे असा आहे. पंक्तीत किंवा वाटपात पक्षपात केला की त्यास ‘डावे-उजवे’ करणे म्हणतात. आणि ज्यास मुद्दाम बाजूला सारले, ज्याचा नंबर असून ज्यास वगळले, त्याला ‘डावलले’ असे म्हणतात. ‘डावलणे’ या क्रियापदात डावा हात स्पष्ट दिसतो. शतकानुशतके ज्यांना डावलले गेले त्या समाजाने या शब्दाकडे जरा थांबून पाहावे. शरीराच्या एका बाजूस उच्च व दुसऱ्या बाजूस नीच ठरविण्याची सवय आणि समाजाच्या एका भागास उच्च व दुसऱ्यास नीच ठरविण्याची सवय यांत फारसे अंतर नाही. दोन्ही ठिकाणी एक साधा भेद घेतला जातो आणि त्यावर योग्यतेचे शिक्के मारले जातात.

बौद्ध परंपरेतही उजव्या बाजूस स्थान आहे. पालीत उजव्यास ‘दक्खिण’ म्हणतात, आणि आदरणीय वस्तू वा व्यक्ती आपल्या उजव्या हातास ठेवून तिच्याभोवती फिरणे म्हणजे ‘पदक्खिणा’. स्तूपाची प्रदक्षिणा याच रीतीने केली जाते. वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथे उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळालेले आहेत. तेथेही एके काळी उपासक याच पद्धतीने फिरत असतील. परंतु ही आदर व्यक्त करण्याची रीत आहे, योग्यायोग्य ठरविण्याची कसोटी नव्हे. अष्टांगिक मार्गातील ‘सम्मा’ या शब्दाचा उजव्या हाताशी काडीमात्र संबंध नाही, हे लक्षात ठेवावे.

राजकारणातील ‘राइट’ म्हणजे उजवे पक्ष, हा अर्थ तर सर्वस्वी योगायोगाचा आहे. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाची बाजू घेणारे सभासद अध्यक्षांच्या उजव्या हातास बसत व परिवर्तनाची मागणी करणारे डाव्या हातास बसत. त्या बैठकीच्या व्यवस्थेवरून उजवे आणि डावे ही नावे पडली. उजवे म्हणजे योग्य आणि डावे म्हणजे चुकीचे, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. कोणता पक्ष योग्य आहे हे तो कोठे बसतो यावरून ठरत नाही.

हक्क : एका शब्दाचे दोन इतिहास

आता आपण या शब्दाच्या ज्या अर्थाने आपल्या चळवळीस जन्म दिला त्या अर्थाकडे वळू.

मराठीतील ‘हक्क’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. अरबीत ‘हक’ म्हणजे सत्य, आणि ‘हक’ म्हणजे न्यायाने देणे लागणारी वस्तूही. सूफी परंपरेतील ‘अनल हक’ या उद्गारात हक म्हणजे सत्यच होय. म्हणजे इंग्रजीतील ‘राइट’प्रमाणेच या शब्दातही खरेपणा आणि न्याय्य वाटा हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते. मराठीने त्यातील दुसरा अर्धा भाग तेवढा घेतला आणि पहिला सोडून दिला. पुढे जे घडले ते या निवडीशी जुळणारेच आहे.

गावगाड्यात ‘हक’ हा शब्द घरोघर वापरला जाई. पाटलाचे हक होते, जोश्याचे हक होते, बलुतेदारांचे हक होते. महारांचेही हक होते. खळ्यावरचे धान्य, सणावारी मिळणारे अन्न, मेलेल्या जनावराचे कातडे ही त्यांच्या हकांची यादी. त्या बदल्यात गावाची आणि सरकारची पडेल ती कामे रात्रंदिवस करावयाची. मेलेले ढोर ओढणे हे काम आणि त्याचे कातडे घेणे हा ‘हक’, असा हा व्यवहार होता. ज्या हकाने माणूस बांधला जातो, ज्याचा उपभोग घेण्यासाठी त्याला आपली माणुसकी गहाण ठेवावी लागते, त्यास हक म्हणावे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले ते याच प्रश्नातून. वतनाचा हक हा हक नसून गुलामगिरीची बेडी आहे, हे आपल्या लोकांना पटविण्यास त्यांना फार कष्ट पडले, कारण बेडीचे नावच हक होते. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले.

‘अधिकार’ या दुसऱ्या शब्दाचीही तीच कथा. आज आपण मताधिकार, माहितीचा अधिकार असे शब्द सहज वापरतो. परंतु धर्मशास्त्रात अधिकार म्हणजे पात्रता, आणि ती जन्मावरून ठरलेली. शूद्रास व स्त्रीस वेदाचा अधिकार नाही, असे जेव्हा म्हटले जाई, तेव्हा त्या शब्दात हक्काची कल्पना नव्हती. कोण पात्र व कोण अपात्र याचा निवाडा होता. शिवाय अधिकार म्हणजे सत्ता, असाही एक अर्थ आहेच. म्हणून सत्ता चालविणारा तो ‘अधिकारी’. तहसील कचेरीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज घेऊन गेलेला नागरिक आणि खुर्चीत बसलेला अधिकारी यांच्यामध्ये एकच शब्द दोन टोकांनी ओढला जात असतो.

‘जन्मसिद्ध हक्क’ हा शब्दप्रयोगही असाच दुधारी आहे. सर्व माणसे केवळ माणूस म्हणून जन्मास आली या कारणाने समान हक्कांची धनी होतात, असा त्याचा अर्थ घेतला तर तो समतेचा मंत्र होतो. अमुक कुळात जन्म झाला म्हणून अमुक मान, असा घेतला तर तीच जातिव्यवस्था. तथागतांनी वसल सुत्तात माणूस जन्माने नीच वा श्रेष्ठ होत नाही, कर्माने होतो असे सांगून या दुसऱ्या अर्थाचे मूळच उपटून टाकले आहे.

हक्क या शब्दाला नवा, मानवी अर्थ देण्याचे कार्य आपल्या प्रदेशात ज्या घटनांनी केले त्यांत अमरावतीचे स्थान मोठे आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबर रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा यासाठी सत्याग्रह करण्याचा प्रश्न तिच्यापुढे होता. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे सवर्ण समाजातील सुधारक या चळवळीच्या बाजूने उभे राहिले. वरवर पाहता ही देवदर्शनाची मागणी होती. परंतु तिचा गाभा देवदर्शन हा नव्हता. मार्च १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेबांनी स्पष्टच सांगितले की, मंदिरप्रवेशाने आपले सर्व प्रश्न सुटणार नाहीत. आपणास माणूस म्हणून वागविण्यास समाज तयार आहे की नाही, याची ती परीक्षा आहे. गावगाड्यातील हक हा कातड्याचा व भाकरीचा होता. महाड, अमरावती आणि नाशिक येथे मागितलेला हक्क हा माणूसपणाचा होता. शब्द तोच राहिला, आशय उलटला.

भारतीय संविधानाने या आशयास कायद्याचे बळ दिले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम स्वीकारले. आजच्या संविधानातील ते सतरावे कलम होय. मूलभूत हक्कांचा भंग झाल्यास सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याची तरतूद करणारे बत्तिसावे कलम बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा मानले. ज्या अमरावतीत १९२७ साली मंदिराच्या दाराशी हक्काचा प्रश्न उभा होता, त्याच अमरावतीत जन्मलेले न्यायमूर्ती भूषण गवई मे २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात निवृत्त झाले. हक्क या शब्दाने अठ्ठ्याण्णव वर्षांत केलेला हा प्रवास आहे.

सम्मा : सम्यक्

आता अष्टांगिक मार्गाकडे येऊ. मार्गाच्या आठही अंगांच्या आधी पालीत ‘सम्मा’ हा शब्द येतो : सम्मादिट्ठि, सम्मासंकप्प, सम्मावाचा, सम्माकम्मन्त, सम्माआजीव, सम्मावायाम, सम्मासति आणि सम्मासमाधि. संस्कृतात यालाच ‘सम्यक्’ म्हणतात. ‘सम्’ म्हणजे एकत्र, आणि त्यास जाणे या अर्थाचा धातू जोडलेला आहे. एकत्र जाणारे, एका दिशेने जाणारे, सुसंगत, पूर्ण, यथार्थ अशा अर्थच्छटा त्यातून निघतात. त्याच्या विरुद्ध ‘मिच्छा’, म्हणजे मिथ्या.

एकोणिसाव्या शतकात पाली ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद होऊ लागले, तेव्हा पाली टेक्स्ट सोसायटीचे संस्थापक ऱ्हीस डेव्हिड्स प्रभृती पंडितांनी ‘सम्मा’साठी ‘राइट’ हा शब्द योजला आणि तोच रूढ झाला. तो सोपा आहे. परंतु त्यात एक अडचण आहे. ‘राइट’ म्हटले की त्याच्यासमोर ‘राँग’ उभे राहते, आणि वाचकास वाटते की हा परीक्षेतील बरोबर-चूक अशा उत्तरांचा मामला आहे. कोणीतरी वरून ठरवून दिले आहे आणि आपण तेवढे पाळावयाचे आहे. म्हणून काही लेखकांनी निराळे शब्द सुचविले. महाराष्ट्रातील नवबौद्ध समाजाशी ज्यांचा दीर्घकाळ संबंध होता त्या संघरक्षितांनी ‘राइट’ऐवजी परिपूर्ण या अर्थाचा शब्द पसंत केला.

बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात रूढ शब्द ठेवले, मात्र त्यांत आशय भरला तो स्वतंत्र दृष्टीने. त्यांच्या विवेचनानुसार सम्यक् दृष्टीचे प्रयोजन अविद्येचा नाश हे आहे. तिच्यासाठी विधींच्या सामर्थ्यावरील विश्वास सोडावा लागतो, शास्त्रांचे पावित्र्य नाकारावे लागते, अंधश्रद्धा व अलौकिकावरील भरवसा टाकावा लागतो, आणि अनुभवाचा आधार नसलेल्या निव्वळ तर्कांचा त्याग करावा लागतो. मन मुक्त असावे व विचार स्वतंत्र असावा, ही तिची अट आहे. विधी या अर्थाचे ‘राइट’ आणि सम्यक् या अर्थाचे ‘राइट’ यांतील अंतराचा उल्लेख आम्ही वर केला, तो यासाठी. उच्चार एक असला तरी पहिल्यावरचा भरवसा सुटल्याखेरीज दुसरे लाभत नाही.

सम्यक् वाचेविषयी त्यांनी सांगितले ते आपल्या सभा-संमेलनांच्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. खरे बोलावे, निंदा करू नये, शिवीगाळ करू नये, निरर्थक बडबड टाळावी, हे तर आहेच. शिवाय हे पालन कोणाच्या भीतीने वा कृपेच्या आशेने होता कामा नये, वरिष्ठास काय वाटेल याचा हिशेबही त्यात नसावा, असे ते म्हणतात. म्हणजे सम्यक् हे हुकुमाने ठरत नाही. ते समजून-उमजून स्वीकारावयाचे असते. सम्यक् आजीविकेसंबंधी त्यांचे म्हणणे असे की, दुसऱ्यास इजा न करता व अन्याय न करता निर्वाह चालविणे म्हणजे सम्यक् आजीविका. वतनाचा जुना ‘हक’ सोडा असे आपल्या लोकांना कळवळून सांगणारे बाबासाहेब आणि सम्यक् आजीविका समजावून सांगणारे बाबासाहेब हे एकच आहेत, हे येथे ध्यानात यावे.

जेथे दोन्ही अर्थ एकत्र येतात

आतापर्यंत आम्ही हक्क आणि सम्यक् यांचा विचार वेगवेगळा केला. हक्क मी दुसऱ्यापाशी मागतो; सम्यक् आचरण मला स्वतःकडून मागावे लागते. हक्कासाठी न्यायालय आहे, पोलीस आहेत, संविधान आहे. सम्यक् संकल्पासाठी कोणतेही न्यायालय नाही. एवढ्यावरून काही जण म्हणतात की, हक्क हा राजकारणाचा विषय आणि सम्यक् हा विहाराचा विषय. रविवारी सकाळी एक, उरलेले सहा दिवस दुसरा. आमच्या मते ही वाटणी बाबासाहेबांच्या विचारास धरून नाही.

सम्यक् कर्मान्ताचे स्पष्टीकरण करताना बाबासाहेब सांगतात की, आपल्या प्रत्येक कृतीचा पाया इतरांच्या भावनांविषयी व हक्कांविषयी आदर हा असला पाहिजे. येथे इंग्रजीतील ‘राइट’ हा शब्द दोन्ही नात्यांनी एकाच जागी येतो. माझे कर्म सम्यक् केव्हा? तर ते दुसऱ्याच्या हक्काचा आदर करील तेव्हा. याच ग्रंथात त्यांनी धम्म म्हणजे जीवनाच्या सर्व क्षेत्रांत माणसामाणसांतील योग्य संबंध, असे म्हटले आहे. एकट्या माणसास धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र राहू लागली की त्यांना धम्माचे स्थान मान्य करावेच लागते, असेही ते सांगतात. ‘सम्’ या उपसर्गातील एकत्रपणाचा अर्थ येथे फार स्पष्ट होतो. माझा हक्क म्हणजे तुझ्या सम्यक् कर्माचा विषय आणि तुझा हक्क म्हणजे माझ्या सम्यक् कर्माचा विषय. एक नसेल तर दुसरे पंगू राहते.

याची कसोटी आपल्या घरात लागते. वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबांत वडिलांच्या पश्चात जमिनीची वाटणी होते तेव्हा ‘हक्कसोडपत्र’ नावाचा एक कागद पुढे येतो. बहिणींनी माहेरच्या जमिनीवरील आपला हक्क भावांच्या लाभासाठी सोडल्याचा तो दस्त. कोठे सही होईपर्यंत सातबाऱ्यावर त्यांची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात पडून राहतात. जमीन आपल्या समाजात आधीच थोडी. भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाडांना १९५९ व १९६४ साली सत्याग्रह करावे लागले. तरीही ज्या घरांत थोडीबहुत जमीन अथवा घराची जागा आहे, तेथे हा प्रश्न आहेच. हिंदू वारसा कायदा, १९५६, बौद्धांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलासारखाच वाटा दिला. हिंदू संहिता विधेयक अडविले गेले म्हणून, अन्य कारणांसह, बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण प्रत्येक जयंतीस अभिमानाने सांगतो.

असे असताना घरात पंचशील म्हणणारा, मुलाचे नाव ‘सम्यक’ ठेवणारा भाऊ बहिणीपुढे हक्कसोडाचा कागद ठेवतो आणि सही न केल्यास माहेर तुटेल असे सुचवितो, तेव्हा त्याच्या तोंडातील हक्क या शब्दाचा अर्थ काय उरतो? बहिणीने आपखुशीने, समजून उमजून दिले तर ते दान आहे आणि दानास धम्मात मोठे स्थान आहे. परंतु नाते तुटण्याच्या भीतीने केलेली सही म्हणजे दान नव्हे. गावाने आपल्याला डावलले याचा इतिहास ज्यास पाठ आहे, त्याने घरात बहिणीस डावलावे, हे मिच्छा कम्मन्त होय. कायदा बहिणीचा हक्क सांगतो. भावाची सम्यक् दृष्टी जागी असेल तर कोर्टाची पायरी चढण्याची वेळच येणार नाही. आणि ती जागी नसेल, तर बहिणीने कोर्टाची पायरी चढणे हेही तिच्या बाजूने सम्यक् कर्मच ठरेल. अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजे सम्यक्, असे तथागतांनी शिकविले नाही आणि बाबासाहेबांनीही शिकविले नाही.

अनुवाद करणाऱ्यांसाठी

लेखाच्या अखेरीस विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी थोडे व्यावहारिक बोलणे प्राप्त आहे. इंग्रजी ग्रंथांत ‘राइट’ हा शब्द आला की प्रथम तो एकवचनी विशेषण आहे की ‘राइट्स’ असे बहुवचनी नाम आहे, हे पाहावे. ‘राइट्स’ असेल तर हक्क. मागे ‘टु’ असेल, म्हणजे कशाचा तरी राइट असेल, तरीही हक्क; भारतीय संविधानाच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ असाच शब्द आहे. दृष्टी, संकल्प, वाचा यांसारख्या मार्गांगाच्या आधी असेल तर सम्यक्. दिशा वा शरीराचा भाग असेल तर उजवा. पक्षाचे वर्णन असेल तर उजवा, पण योग्य या अर्थाने नव्हे. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनात ‘रायचसनेस’ हा याच कुळातील शब्द धम्माच्या संदर्भात येतो. त्याचे भाषांतर ‘पुण्य’ असे करू नये. सदाचार किंवा न्याय्य वर्तन असे करावे.

आणि ‘सम्मा’ या शब्दासाठी अशिक्षित उपासिकेस समजेल असा मराठी शब्द कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही ‘बरोबर’ हा शब्द सुचवू. वऱ्हाडी बोलीत त्याचा उच्चार ‘बराबर’ असा, मूळ फारसीच्या अधिक जवळचा, केला जातो. फारसीत त्याचा मूळ अर्थ छातीस छाती लावून, म्हणजे समान पातळीवर, असा आहे. मराठीत त्याचे तीन अर्थ झाले. उत्तर बरोबर आहे, म्हणजे अचूक आहे. तो माझ्या बरोबरीचा आहे, म्हणजे समान आहे. माझ्याबरोबर चल, म्हणजे सोबत चल. अचूकपणा, समता आणि सोबत हे तीनही अर्थ या एका शब्दात आहेत, आणि ‘सम्यक्’ या शब्दातील ‘सम्’ हा उपसर्गही सोबतीचाच आहे. बरोबर वागणे म्हणजे दुसऱ्यास बरोबरीचा मानून त्याच्याबरोबर चालणे, एवढे जरी आपल्या विहारांतून घरोघर पोहोचले, तरी हक्क आणि सम्यक् हे दोन शब्द एकमेकांस पुन्हा ओळखू लागतील.